पगार थांबला, खात्याला दंड लागला

प्रश्न : चाकणच्या कंपनीतलं कंत्राट संपलं. पगाराचं खातं तसंच राहिलं. आता किमान शिल्लक नाही म्हणून बँक पैसे कापते. फुकट खाती बंद झाली का?
– एक कामगार, भोसरी

उत्तर : नाही, बंद झालेली नाहीत. पगार येणं थांबलं की बँका झिरो बॅलन्सची सवलत काढून घेतात. चाकण-भोसरीत दर कंत्राटदार नवी बँक दाखवतो, त्यामुळे एकेका कामगाराची तीन-चार खाती मागे पडून राहतात, आणि हीच खरी गळती आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार शिल्लक कमी झाल्यास बँकेने आधी कळवून महिनाभराची मुदत द्यायची असते. दंडापायी खातं उणे करता येत नाही. हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. उणे रक्कम दाखवून कुणी वसुली मागितली, तर देऊ नका.

प्रत्येक बँकेत मूलभूत बचत खातं मिळतं. त्याला किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड मोफत, महिन्याला चार वेळा पैसे काढणंही मोफत. काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून लेखी अर्ज द्या. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. स्टेट बँकेने तर मार्च २०२० मध्येच किमान शिल्लकेची अट काढली.

जुनी खाती बंद करा. त्याआधी पीएफ आणि गॅस अनुदान कुठल्या खात्याला जोडलंय ते तपासा. तक्रारीला बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही.