इंजिनचा धंदा : आधी हात, मग दुकान

सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर गॅरेजवाले, सुट्या भागांचे दुकानदार आणि भंगारवाले दाटीने बसले आहेत. (या सीएसटीचा बोरीबंदरच्या स्टेशनशी संबंध नाही. जुन्या सेंट्रल सालसेट ट्रामवेचे ते नाव आहे.) या रस्त्यावर वावरणाऱ्या तरुणांना आता इंजिन मॉडिफिकेशनचा धंदा खुणावू लागला आहे. मोटरसायकलची ताकद वाढवून देणे, जुन्या इंजिनला नवा जोर देणे, पेट्रोलच्या गाडीला गॅसचे किट बसवणे, अशी ही कामे आहेत. आमचा धंदा कपड्याचा, तरीही भांडवलासाठी अशी दोन-तीन मुले दर वर्षी आमच्या गादीवर येऊन बसतात. आम्ही त्यांना पहिला प्रश्न एकच विचारतो : किती इंजिने स्वतःच्या हाताने उघडलीस, आणि त्यांतली किती पुन्हा चालू केलीस?

हा प्रश्न आम्हाला सव्वादोन लाखांना पडला आहे.

२०१६ साली आमच्या मेहुण्याच्या मुलाला आम्ही दुकान टाकून दिले. मुलगा हुशार, जिभेवर साखर, तीन महिन्यांच्या कोर्सचे सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेले. एका ग्राहकाला मोटरसायकलचा पिकअप वाढवून हवा होता. कॉम्प्रेशन वाढावे म्हणून याने हेड घासून आणले, पण किती घासले ते मोजलेच नाही. गाडी चालू झाली, ग्राहक खूश झाला. दोन दिवसांनी वाकोल्याच्या पुलावर वेगात असताना व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकला आणि पिस्टन फुटला. इंजिन भरून द्यावे लागले. बातमी रस्ताभर पसरली आणि अकराव्या महिन्यात शटर उतरले.

यात मुलाचा दोष आम्ही निम्माच धरतो. आमच्या दुकानात नवा मुलगा वर्षभर ताके उलगडतो, घड्या घालतो आणि बोटांनी पोत ओळखायला शिकतो. तोवर त्याच्या हाती कात्री देत नाही. कापलेले कापड जोडता येत नाही. घासलेले हेडही परत जाड होत नाही. हे ठाऊक असून आम्ही त्या मुलाला कात्रीच काय, सगळे दुकानच दिले.

त्यानंतर आम्ही जाणत्या मिस्त्रींकडे बसून सराव कसा असावा हे विचारून घेतले. सगळ्यांचे एका गोष्टीवर एकमत होते : सुरुवात मॉडिफिकेशनने करू नये. भंगारातून एक सिलिंडरचे बंद पडलेले इंजिन वजनावर घ्यावे आणि ते कंपनीच्या मूळ मापावर आणून चालू करावे. असे चार-पाचदा जमले, मगच मापात बदल करण्याचा विचार करावा. ज्याला मूळ माप राखता येत नाही, त्याचा बदल म्हणजे अंधारात मारलेला तीर.

माप हीच या हुनराची खरी शिदोरी. बोअर करायचा असेल तर आधी ओव्हरसाइज पिस्टन आणावा, तो मोजावा आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा. ओव्हरसाइज साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. तिथे डोळ्याचा अंदाज चालत नाही. हेडचे नट टॉर्क पान्याने, मधून बाहेर, थोडे थोडे करत आवळायचे; एकीकडून आवळत गेले तर हेड वाकते. आणि हेड घासले असेल तर पिस्टनवर मऊ माती ठेवावी, हेड बसवावे, टायमिंग जुळवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि पुन्हा उघडावे. मातीचा थर कुठे किती दबला, हे कापून मोजले की व्हॉल्व्हला किती जागा उरली ते कळते. अर्ध्या तासाचे काम. आमचे सव्वादोन लाख त्या चिमूटभर मातीत वाचले असते.

प्रत्येक इंजिनची वही ठेवावी. कामाआधीचे आणि नंतरचे कॉम्प्रेशन, फटींची मापे आणि काय चुकले, हे सगळे लिहावे.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. शिक्षा मालकाला होते म्हणून मिस्त्रीने निश्चिंत राहू नये. ज्याची गाडी पकडली जाईल तो आधी आपल्याच दुकानात येईल. इंधन बदलण्याचे किट बसवायला कायदा मुभा देतो, पण किट मंजूर हवे, बसवणारा अधिकृत हवा आणि आरटीओत नोंद हवी. सांताक्रूझच्या गाड्यांसाठी आरटीओ अंधेरीचे.

गॅसच्या कामाला तर सराव दुप्पट लागतो. सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो आणि दर तीन वर्षांनी तिची चाचणी करून घ्यावी लागते. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी गॅसवर गेल्या तेव्हा त्यांना कार्बोरेटर होता. मिक्सर बसवला, टायमिंग थोडे पुढे घेतले की काम भागत असे. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत संगणकाची जुळवणी करावी लागते. ती पुस्तकातून येत नाही, कोणा उस्तादाच्या बाजूला उभे राहूनच येते.

त्याच मुलाचा धाकटा भाऊ आता आमच्याकडे आला आहे. आम्ही त्याला पैसे दिले नाहीत. कुर्ल्याच्या एका उस्तादाकडे लावून दिले. पगार जेमतेम जाण्या-येण्यापुरता. पहिले चार महिने त्याने भाग धुतले आणि नट-बोल्ट ओळीने मांडले. घरी कुरबुर झाली, आम्हालाही चार शब्द ऐकावे लागले. परवा त्याची वही पाहिली. सतराव्या इंजिनसमोर ‘माती पातळ, पुन्हा उघडले’ असे लिहिले आहे. भांडवलाचा विषय त्याने अजून काढलेला नाही.