टूथपेस्टमधील खडू आणि फ्ल्युओराइड

फेस जितका अधिक तितके दात स्वच्छ, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः दात स्वच्छ करण्यात फेसाचा वाटा अल्पच असतो. सोडियम लॉरिल सल्फेटसारख्या ज्या द्रव्यामुळे तो येतो, ते द्रव्य पेस्ट तोंडभर पसरवते आणि सुटे झालेले कण धरून ठेवते, इतकेच. दात घासून लगेच संत्रे खाल्ले तर ते कडवट लागते, तेही याच द्रव्यामुळे. दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर निघतो तो मुख्यतः ब्रशच्या घर्षणाने. पेस्टमधील खडूची किंवा सिलिकेची बारीक पूड त्याला साहाय्य करते. विटेची भरड पूडही डाग काढते खरी, परंतु डागाबरोबर दातही झिजवते.

दाताचे बाह्य आवरण, म्हणजे दंतवल्क, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या खनिजाचा असतो. एवढे कठीण असूनही हे खनिज आम्लात विरघळते. गोड खाल्ले की जंतूंचा थर काही मिनिटांतच आम्ल तयार करतो, आणि सामू साधारणतः ५.५ च्या खाली उतरला म्हणजे खनिज दातातून बाहेर पडू लागते. पुढे लाळ त्या आम्लाचा जोर मोडते व खनिज दातात परत बसते. ही देवघेव दिवसभर चालू असते. जो वारंवार गोड खातो, त्याच्या दातांना मात्र भरपाईला सवडच मिळत नाही आणि कीड लागते. शब्द ‘कीड’ असला तरी दातात किडा कोठेही नसतो.

फ्ल्युओराइडचे कार्य नेमके या देवघेवीत आहे. ते लाळेत अल्प प्रमाणात असले तरी खनिज परतण्याची क्रिया वेगाने होते, आणि नव्याने बसलेले खनिज आम्लापुढे अधिक टिकते. परंतु येथे खडूच आडवा येतो. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यात सोडियम फ्ल्युओराइड मिसळले, तर फ्ल्युओराइड नळीतच कॅल्शियमशी संयोग पावून जवळजवळ अविद्राव्य होते व दाताच्या उपयोगी पडत नाही. म्हणून खडूच्या पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्ल्युओरोफॉस्फेट घालतात. त्यातील फ्ल्युओराइड फॉस्फेटशी बांधलेले असते आणि तोंडातील विकरांमुळे मोकळे होते. नळीवर बारीक अक्षरांत छापलेले हे लांबलचक नाव लवंगेच्या चित्रापेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचावे.

हेच द्रव्य दात घडण्याच्या वयात प्रमाणाबाहेर पोटात गेले तर अपाय करते. तेलंगणातील नलगोंडा भागात भूजलातच फ्ल्युओराइड अधिक असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडले, अनेकांची हाडेही वाकली. अशा ठिकाणी मुलांनी पेस्ट गिळू नये, याकडे विशेष लक्ष पुरवले पाहिजे. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे होते. जाहिरातींत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते, तिची गरज प्रौढांनाही नसते.

घासून झाल्यावर खळखळून चुळा भरण्याची आपल्याकडील रीत स्वच्छतेची वाटते, पण तिच्यामुळे तोंडात राहावयाचे फ्ल्युओराइड वाहून जाते. पेस्ट थुंकून टाकणे पुरेसे असते. झोपेत लाळ कमी सुटते व दातांचे हे नैसर्गिक संरक्षण दुबळे होते. त्यामुळे निजण्यापूर्वीचे घासणे सकाळच्यापेक्षाही महत्त्वाचे ठरते, आणि बहुतेक घरांत नेमके तेच राहून जाते.