परत येणारा अग्निबाण

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नागपुरातील महालात किंवा इतवारीत एखाद्या गच्चीवर उभे राहिले, तर घटकाभरात आकाशात कितीतरी अग्निबाण चढताना दिसतात. रिकाम्या बाटलीत काडी उभी करावी, वातीला उदबत्ती लावावी आणि चार पावले मागे पळावे, एवढीच त्याची विद्या. सूंऽ असा आवाज होतो, ठिणग्यांची रेघ उमटते, वर फुलोरा फुटतो आणि सारी पोरे टाळ्या पिटतात. पण बाण पुढे गेला कोठे, हे कोणी पाहत नाही. त्याची जळकी काडी शेजारच्या कौलांवर पडते, कोणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, क्वचित गवताच्या गंजीवरही पडते. वर जाणे त्याला ठाऊक आहे. परत येणे ठाऊक नाही.

खेळातल्या अग्निबाणाला परत यायला शिकवण्याचे काम अमेरिकेतील एका जोडे विकणाऱ्या गृहस्थाने केले. त्यांचे नाव ऑरव्हिल कार्लाइल. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी त्यांचे जोड्यांचे दुकान होते आणि शोभेच्या दारूकामाचा त्यांना मोठा नाद होता. त्यांचा भाऊ रॉबर्ट विमानांच्या लहान प्रतिकृती उडवीत असे. अग्निबाण कसा उडतो, हे श्रोत्यांना डोळ्यांसमोर दाखवता यावे, अशी रॉबर्टची इच्छा होती. भावाच्या या गरजेपोटी १९५४ साली ऑरव्हिल यांनी कागदाची नळी, लाकडाचे हलके नाक आणि मागे पातळ पर असा एक छोटा बाण तयार केला. त्याची खरी खुबी पोटात होती. बाण वर पोहोचला, की आतल्या आत एक बारीकसा बार उडे, नाक निघून येई आणि नळीतून हवाई छत्री बाहेर पडे. छत्रीला लोंबकळत बाण सावकाश जमिनीवर उतरे. नवे इंजिन बसवले, की तोच बाण पुन्हा उडण्यास सिद्ध! या युक्तीसाठी कार्लाइल यांना १९५८ साली पेटंट मिळाले.

ही गंमत एका गावापुरतीच राहिली असती. पण त्याच सुमारास अग्निबाणाचे वेड मुलांच्या जिवावर उठले होते. मोठमोठ्या अग्निबाणांच्या बातम्या वाचून मुले घराच्या तळघरात नाना प्रयोग करीत. लोखंडाच्या नळीत आगकाड्यांची गुले आणि मिळतील ती रसायने ठासून भरायची व पेटवायची, असा तो उद्योग होता. अशी नळी म्हणजे बाण नव्हे, बॉम्बच. कित्येक मुलांची बोटे गेली, कोणाचे डोळे गेले, काही मुले प्राणांस मुकली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हा तर या वेडाला उधाण आले.

जी. हॅरी स्टाइन हे न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स येथे अग्निबाणांच्या चाचण्यांवर काम करणारे तंत्रज्ञ होते. बाण उडवताना माणसे सुरक्षित कशी राहतील, हा त्यांच्या रोजच्या विचाराचा विषय होता. १९५७ च्या फेब्रुवारीत याच विषयावर त्यांचा एक लेख मासिकात आला. तो वाचून कार्लाइल यांनी आपले बाण त्यांच्याकडे धाडले. स्टाइन यांनी ते उडवून पाहिले. मुलांना ‘करू नका’ असे सांगून ती थांबणार नाहीत. त्यांच्या हाती दुसरे काही दिले पाहिजे, हे त्यांना पटलेले होते, आणि ते दुसरे काही आता टपालाने घरी आले होते. त्याच वर्षी त्यांनी असे बाण विकणारी कंपनी काढली आणि छांदिष्टांची राष्ट्रीय संघटनाही उभी केली.

आता अडचण आली ती इंजिनांची. हाताने इंजिने भरून मागणी पुरी होईना. तेव्हा डेन्व्हरचे व्हर्न एस्टेस यांनी दाबलेल्या हवेवर चालणारे एक यंत्र रचले व त्याला ‘मेबल’ असे बाईमाणसाचे नाव दिले. ही मेबल दर साडेपाच सेकंदांना एक इंजिन तयार करीत असे! पुढे १९६१ साली एस्टेस यांनी आपला कारखाना पेनरोज या खेड्याजवळच्या मोकळ्या जमिनीवर नेला.

या खेळाचा पहिला नियम येथेच ठरून गेला. दारू भरण्याचे काम कारखान्याचे. मुलाने दारूला हात लावायचा नाही. मुलाच्या वाट्याला राहिले कागद, लाकूड, गोंद, रंग आणि डोके. बाण धातूचा करायचा नाही. तो काडीने पेटवायचा नाही. दूर उभे राहून, लांब तारेतून विजेच्या बटणाने पेटवायचा. बाण झाडावर किंवा विजेच्या तारांवर अडकला, तर तो सोडून द्यायचा. त्यासाठी वर चढायचे नाही. हा शेवटचा नियम पतंग उडवणाऱ्यांनीही पाळण्याजोगा आहे.

इंजिन म्हणजे बोटाएवढी जाड कागदी नळी. तिच्या खालच्या तोंडाशी भाजल्यासारखी घट्ट दाबलेली माती असते व तीत एक बारीक भोक असते. आत तीन थर असतात. पहिला थर भरकन जळतो. त्याचा वायू भोकातून खाली धावतो आणि बाण वर धावतो. न्यूटनने सांगितलेली क्रिया व प्रतिक्रिया ती हीच. दुसरा थर रेंगाळत जळतो व नुसता धूर सोडतो; तेवढ्या अवधीत बाण अंगच्या वेगाने वर चढत राहतो. तिसरा थर म्हणजे छत्री बाहेर ढकलणारा बार. छत्री जळू नये म्हणून मध्ये न पेटणाऱ्या कागदाचा बोळा घातलेला असतो. इंजिनांना अक्षरांची नावे असून ‘ए’पेक्षा ‘बी’ची आणि ‘बी’पेक्षा ‘सी’ची कमाल शक्ती दुप्पट असते.

बाण सरळ जाईल की गिरक्या घेत माणसांवर येईल, हे उडवण्यापूर्वीच पाहता येते. सर्व वजन तोलून धरणारा बाणाचा गुरुत्वमध्य पुढच्या बाजूस हवा, आणि हवेचा रेटा जेथे एकवटतो तो दाबमध्य मागे हवा. त्यासाठीच तर मागे पर लावतात; तिराच्या शेपटीला पिसे लावणाऱ्या भिल्लाला ही गोष्ट पुस्तकावाचून ठाऊक होती. परीक्षाही सोपी आहे. इंजिन बसवलेला बाण गुरुत्वमध्यापाशी दोरीला बांधावा आणि मोकळ्या जागी गोफणीसारखा डोक्याभोवती फिरवावा. तो नाक पुढे करून फिरला, तर भरवशाचा. शेपूट पुढे करू लागला किंवा कोलांट्या खाऊ लागला, तर नाकात थोडे वजन घालावे किंवा पर मोठे करावे.

खेळ आला, की चढाओढ आलीच. १९५९ साली डेन्व्हर शहराजवळ या छांदिष्टांचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला आणि पुढे दरवर्षी मेळावे भरवण्याचा प्रघात पडला. कोणाचा बाण उंच जातो, कोणाचा छत्रीवर अधिक वेळ तरंगतो, अशा निरनिराळ्या स्पर्धा असतात. उंची मोजण्याची जुनी रीत कंपासपेटीतील कोनमापकाने साधते. कोनमापकाला ओळंब्यासारखा दोरा बांधून बाणाच्या शिखराचा कोन टिपायचा. समजा, पाहणारा बाणाच्या जागेपासून ५० मीटरवर उभा आहे आणि कोन ६० अंशांचा आला. वहीत ५ मीटरला १ सेंटिमीटर या प्रमाणाने १० सेंटिमीटरांची आडवी रेघ काढावी. एका टोकाशी काटकोन, दुसऱ्या टोकाशी ६० अंश. उभी बाजू १७.३ सेंटिमीटर भरते. म्हणजे बाण सुमारे ८६ मीटर चढला. पाहणाऱ्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची तेवढी त्यात मिळवायची.

कागदी नळ्यांच्या या खेळाला आता साठ-पासष्ट वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ज्या मुलांनी पहिले बाण चिकटवले, ती आजोबा झाली. त्या काळचे कितीतरी नमुने दुकानांतून केव्हाच नाहीसे झाले आहेत. म्हणून जुन्या बाणांची वेगळी स्पर्धा भरवण्याची हौस छांदिष्टांना लागली. तीत भाग घेणारा जुने नकाशे व जुनी सूचीपत्रे शोधून काढतो आणि नळीची लांबी, परांचा आकार, रंगाचे पट्टे, अक्षरांची ठेवण ही सारी मुळाबरहुकूम उतरवतो. परीक्षक आधी टेबलावर नकाशा मांडून मोजमापे ताडून पाहतात. रंग देखणा असला, पण पर दोन मिलिमीटरांनी वाकडा असला, तर गुण जातात. एवढे होऊनही काम पुरे होत नाही. तो बाण मैदानात उडाला पाहिजे. वाटेत त्याचा एखादा भाग सुटून पडला किंवा उड्डाण धोक्याचे ठरले, तर तो बाद.

येथे एक पेच उभा राहतो. एखाद्याच्या घरी माळ्यावर खरोखरचा जुना बाण सापडतो. आजोबांनी लहानपणी केलेला, रंग उडालेला, एका परावर त्यांची सही असलेला. तो उडवावा की जपावा? उडवला आणि वाऱ्याने दूर नेला, तर गेला तो गेलाच. कपाटात ठेवला, तर तो सुरक्षित राहील खरा. पण ज्यासाठी तो केला, तेच त्याच्या नशिबी नाही. याला सर्वांना मान्य असे उत्तर नाही. बहुतेक शहाणे लोक मधला मार्ग काढतात. मूळ बाण मोजून काढायचा, त्याची हुबेहूब प्रतिकृती करायची, मूळ बाण टेबलावर मांडायचा आणि प्रतिकृती उडवायची. कार्लाइल यांचे मूळ बाणही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात जपून ठेवलेले आहेत.

एका बाबतीत मात्र दुमत नाही. बाण जुना चालेल, इंजिन जुने चालणार नाही. वर्षानुवर्षे उन्हाळ्यात तापून आणि हिवाळ्यात गारठून इंजिनातील दारूला चिरा पडतात, ती नळीच्या भिंतीपासून सुटते. असे इंजिन पेटवले, की ज्वाला एकदम सगळ्या फटींत शिरते आणि बाण उडण्याऐवजी फुटतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा नागपूरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला पत्र्याखाली ठेवलेल्या दारूचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

नागपूरशी या विषयाचे आणखी एक नाते आहे. साऱ्या भारतात दारू व स्फोटके कोणी करावी, कशी साठवावी, कशी न्यावी, हे पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय या शहरात सेमिनरी हिल्सवर आहे. १८८४ च्या विस्फोटक कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बाणाची दारू करणे हा आपल्या देशात गुन्हा आहे, मग ती चमचाभर का असेना. असे बाण आपल्याकडेही रीतसर उडू लागले आहेत. २०२५ साली उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची स्पर्धा इन-स्पेस या सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली झाली.

शाळकरी मुलांनी तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. जुना बाण हवा असेल, तर तो परदेशी सूचीपत्रातच शोधावा लागतो असे नाही. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘नायकी-अपाची’ हा अमेरिकी बनावटीचा बाण उडाला आणि आपल्या देशाच्या अवकाश-संशोधनाला आरंभ झाला. चारच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, तेथूनच ‘रोहिणी-७५’ हा आपण घडवलेला बाण उडाला. त्याच्या नावातील ७५ म्हणजे त्याच्या नळीचा मिलिमीटरमधला व्यास. निम्म्या आकाराची प्रतिकृती करावयाची झाल्यास साडेसदतीस मिलिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी पुरते, आणि तेवढी जाड नळी कापडाच्या दुकानातही मिळून जाते.

उडवण्यासाठी पाणी आहे. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली तिसरा हिस्सा पाण्याने भरावी, तोंडात सायकलच्या व्हाल्वचे बूच घट्ट बसवावे, बाटलीला पुठ्ठ्याचे पर व टोकदार नाक लावावे आणि मास्तरांच्या देखरेखीखाली, दूर उभे राहून, लांब नळीच्या पंपाने हवा भरावी. दाब वाढला, की बूच निसटते, पाणी खाली आणि बाटली वर. बाटली मात्र नवी घ्यावी. चिरलेली किंवा उन्हात कडक झालेली नको. मैदानाच्या कडेला एकाने कोनमापक धरावा, दुसऱ्याने कोन टिपावा, तिसऱ्याने मोठ्याने उलटे अंक मोजावेत. बाटली कडुनिंबाच्या शेंड्याबरोबर जाऊन खाली आली, की सर्वांत आधी पळत सुटतो तो ती उचलून आणणारा. पर शाबूत आहेत का, हे पाहिल्याशिवाय दुसरे उड्डाण करायचे नसते.