इंग्रजी व्यक्तिनामे आणि आडनावे : अर्थ, काळ आणि प्रदेश

प्रास्ताविक

विशेषनामाला अर्थ असतो का, हा व्याकरणातील जुना प्रश्न आहे. 'सुतार' हा शब्द सामान्यनाम म्हणून योजला की लाकूडकाम करणाऱ्या व्यक्तीचा बोध होतो. तोच आडनाव म्हणून योजला की केवळ एका कुटुंबाचा निर्देश होतो. त्या कुटुंबातील कोणी बँकेत अधिकारी असला, तरी त्याचे आडनाव खोटे ठरत नाही. वर्णन करणारा शब्द निर्देश करणारे नाव केव्हा बनतो, हे पाहण्यासाठी इंग्रजी नावांचा अभ्यास विशेष उपयुक्त आहे. हे संक्रमण इंग्लंडमध्ये मुख्यत्वे तीन-चार शतकांत घडले आणि त्याचे टप्पे दाखवणाऱ्या तारीखवार नोंदी जमीन व करांच्या दप्तरांत आजही उपलब्ध आहेत.

भाषा टिकली, नावे गेली

प्राचीन इंग्रजीत व्यक्तीला एकच नाव असे आणि ते बहुधा सामासिक असे. 'एडवर्ड' या नावात 'समृद्धी' आणि 'रक्षक' या अर्थांची दोन पदे आहेत, तर 'आल्फ्रेड' या नावात 'यक्षसदृश योनी' आणि 'सल्ला' या अर्थांची. अशा नावांचा विग्रह करून 'समृद्धीचा रक्षक' असा अर्थ सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. वुस्टरचे बिशप संत वुल्फस्तान (मृत्यू १०९५) यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांच्या आईचे नाव वुल्फगिफू आणि वडिलांचे एथेलस्तान. आईच्या नावातील पूर्वपद आणि वडिलांच्या नावातील उत्तरपद घेऊन मुलाचे नाव सिद्ध झाले. 'लांडगा' आणि 'दगड' या दोन अर्थांची सांगड घालण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. नाते सुचवणे हा हेतू होता. रूप समासाचे, पण अर्थ समासाचा नाही, अशी ही रचना आहे.

१०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन सत्तेचा विजय झाला. त्यानंतरच्या सुमारे दीड शतकात या जुन्या नावांची मोठी परंपरा जवळजवळ पुसली गेली. केवळ सरदारच नव्हे, तर इंग्रज शेतकरीही आपल्या मुलांना विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड अशी जेत्यांची नावे ठेवू लागले. जित समाजाने आपली भाषा टिकवली, नावे मात्र टिकवली नाहीत, ही भाषेच्या इतिहासातील विचार करण्याजोगी घटना आहे. भाषा हा रोजचा व्यवहार असतो आणि तो सहज बदलत नाही. अपत्याचे नाव ही निवड असते आणि निवडीवर प्रतिष्ठेचा प्रभाव लवकर पडतो. गंमत अशी, की विल्यम आणि रॉबर्ट ही नावेही मूळची जर्मानिकच, म्हणजे इंग्रजीच्याच भाषाकुळातली. ती फ्रेंच मुखातून इंग्लंडमध्ये आली एवढेच. जुन्यांपैकी एडवर्ड आणि एडमंड ही नावे तरली, ती संतांच्या पुण्याईवर. प्लँटॅजेनेट वंशातील राजा तिसरा हेन्री याने १२३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव एडवर्ड ठेवले, त्यामागे संत एडवर्डवरील त्याची भक्ती होती. आणखी काही जुनी नावे आडनावांच्या आश्रयाने राहिली. 'गुडविन' आणि 'गुडरिच' या आडनावांत गॉडविन आणि गॉड्रिक ही व्यक्तिनामे दडलेली आहेत.

उपनामाचे आडनाव कसे झाले

नावांचा साठा आटला, तेव्हा एकाच गावात अनेक जॉन आणि अनेक विल्यम झाले. कारकुनांना ओळख पटवण्यासाठी जोडनाव लिहावे लागले : रॉबर्टचा मुलगा विल्यम, लोहार जॉन, टेकडीजवळचा जॉन. ही उपनामे होती, आडनावे नव्हेत. त्यांतील वर्णन खरे असावे लागे. लोहाराचा मुलगा विणकर झाला आणि तरीही 'स्मिथ'च राहिला, त्या पिढीत उपनामाचे आडनाव झाले. जमीनदार नॉर्मन घराण्यांत हे आधी घडले, कारण जमिनीच्या वारशाला नावाच्या वारशाची जोड सोयीची होती. सामान्य इंग्रज कुटुंबांत ते सुमारे १४०० पर्यंत बऱ्याच अंशी स्थिरावले; उत्तरेकडे काहीसे उशिरा आणि वेल्समध्ये आणखी कितीतरी उशिरा.

आडनावांचे चार वर्ग सामान्यतः मानले जातात : पितृनामदर्शक, व्यवसायदर्शक, स्थलदर्शक आणि व्यक्तिवैशिष्ट्यदर्शक. वर्गीकरण पाठ करण्यापेक्षा एक उदाहरण बारकाईने पाहणे अधिक लाभदायक ठरेल.

विणलेले लोकरी कापड पाण्यात भिजवून, विशिष्ट माती लावून तुडवले की ते आटते आणि घट्ट होते. (मुलतानी मातीला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात, ते यावरूनच.) हे काम करणाऱ्याला इंग्लंडच्या आग्नेय भागात 'फुलर', नैर्ऋत्य भागात 'टकर' आणि उत्तरेकडे व पश्चिम मध्यप्रदेशात 'वॉकर' म्हणत. व्यवसाय एक, बोली तीन, आडनावेही तीन. पाणचक्कीवर चालणारे हातोडे आले आणि पायाने तुडवणे मागे पडले, तरी आडनावे राहिली. आज 'वॉकर' म्हणजे 'चालणारा' असा अर्थ कोणी सांगितला, तर तो आधुनिक शब्दाचा अर्थ झाला, आडनावाचा नव्हे. आडनावाचा अर्थ म्हणजे ते रूढ झाले त्या काळी, त्या प्रदेशातील बोलीत, त्या शब्दाचा असलेला अर्थ. हे सूत्र सोडले की लोकव्युत्पत्तीला वाव मिळतो.

व्यवसायनामांत दोन भाषांचे थरही दिसतात. 'स्मिथ' आणि 'राइट' इंग्रजी, तर 'टेलर' फ्रेंचमधून आलेले. 'बॅक्स्टर' आणि 'वेब्स्टर' यांतील प्रत्यय मूळचा स्त्रीवाचक. पुढे तो पुरुषांनाही लागू लागला.

स्थलदर्शक नावांत ध्वनिपरिवर्तन मनोरंजक आहे. 'ॲश वृक्षापाशी राहणारा' हे मध्यकालीन इंग्रजीत 'ॲटन ॲश' असे म्हटले जाई. उच्चारात पदच्छेद चुकला, 'न' पुढच्या पदाला चिकटला आणि 'नॅश' हे आडनाव तयार झाले. भारताला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या ॲटली यांच्या आडनावात मात्र 'पाशी' हा अर्थ शाबूत आहे : 'कुरणापाशी राहणारा'.

पितृनामांत लाडक्या रूपांचा भरणा आहे. वॉल्टरचा 'वॅट', त्याचा मुलगा 'वॉटसन'. रिचर्डचा 'डिक', त्याचा 'डिक्सन'. आईच्या नावावरूनही आडनावे बनली : मटिल्डाच्या 'टिल' या रूपावरून 'टिलटसन', इझाबेलच्या 'इब' या रूपावरून 'इबटसन'. अशा आडनावांवरून जन्म विवाहबाह्य होता असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. आई विधवा असे, किंवा मालमत्ता तिच्याकडची असे. वेल्समध्ये 'चा मुलगा' या अर्थाचा 'आप' हा शब्द पुढील नावात मिसळला आणि आप ऱ्हिसचे 'प्राइस', आप हॉवेलचे 'पॉवेल' झाले.

चौथ्या वर्गात 'ब्राउन', 'लाँग', 'आर्मस्ट्राँग' ही नावे येतात. 'किंग' आडनावाचे लोक राजवंशाचे नव्हेत. राजाच्या पदरी चाकरी, नाटकातील राजाची भूमिका किंवा नुसता तोरा, एवढे कारण पुरेसे होते.

पुन्हा व्यक्तिनामांकडे

आडनाव अर्थमुक्त झाल्यावर ते व्यक्तिनाम म्हणूनही वापरता येते. 'स्टॅन्ली' हे मुळात स्थलनाम, मग आडनाव, मग व्यक्तिनाम. 'शेरलॉक' हेही 'तेजस्वी केसांचा' अशा अर्थाचे आडनावच; कॉनन डॉयल यांनी ते आपल्या गुप्तहेराला पहिले नाव म्हणून दिले.

काही व्यक्तिनामे तर लेखकांनी घडवली. जोनाथन स्विफ्ट यांनी एस्तर व्हॅनहॉमरी या आपल्या मैत्रिणीच्या आडनावाचे आद्याक्षर आणि तिच्या पहिल्या नावाचे लाडके रूप जोडून 'व्हनेसा' हे नाव रचले. ते ज्या कवितेत आले ती १७२६ मध्ये छापली गेली. बाळांच्या नावांच्या पुस्तकांत 'व्हनेसा म्हणजे फुलपाखरू' असे खुशाल दिलेले आढळते. फुलपाखरांच्या एका प्रजातीला हे शास्त्रीय नाव १८०७ मध्ये मिळाले. म्हणजे नाव आधीचे, फुलपाखरू नंतरचे.

स्वाध्याय

१. 'वॉकर' आणि 'नॅश' या आडनावांच्या आधारे, नावाची व्युत्पत्ती ठरवताना काळ आणि प्रदेश यांचा विचार का आवश्यक आहे ते स्पष्ट करा.

२. आपल्या गावातील व्यवसायदर्शक पाच आडनावे निवडा. प्रत्येक आडनावासाठी कुटुंबातील किती पिढ्यांनी तो व्यवसाय केला आणि तो सुटल्यावरही आडनाव कसे टिकले, याची ज्येष्ठांकडून माहिती घेऊन नोंद करा.