विञ्ञाण म्हणजे आत्मा नव्हे

आईच्या निधनानंतर आमच्या घरी जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. गावाकडून आलेल्या आत्या जाताना म्हणाल्या, "सगळं नीट झालं, पण पिंड नाही ठेवला. कावळा शिवल्याशिवाय वहिनीचा जीव कसा सुटायचा?" १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा मी त्यांना सांगितली. त्या गप्प बसल्या. परंतु रात्री माझ्या दहावीतल्या मुलीने विचारले, "पप्पा, प्रतिज्ञा आहे हे खरं. पण आजीला सगळं कळत होतं ना? ते कळणं आता कुठे गेलं?" प्रतिज्ञा पुन्हा म्हणून दाखवणे हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न फार जुना आहे आणि त्याला दोन टोकाची उत्तरे दिली गेली आहेत. एक पक्ष म्हणतो, देह हे घर आहे व आत्मा हा भाडेकरू. घर पडले की तो दुसरीकडे जातो. दुसरा पक्ष चार्वाकांचा. त्यांच्या मते चार महाभूते एकत्र आली की चैतन्य उपजते, जशी आंबवलेल्या पदार्थांत नशा. युरोपात देकार्त या तत्त्वज्ञाने १६४१ मध्ये मन व शरीर ही दोन निराळी द्रव्ये मानली. लगेच १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्राने विचारले की, ज्याला आकार नाही, लांबीरुंदी नाही, ते मन हातपाय हलवते तरी कसे? देकार्तला याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. पहिल्या पक्षाची खरी अडचण हीच आहे.

तथागतांचा मार्ग या दोन्ही टोकांपासून वेगळा आहे. मज्झिमनिकायात साती नावाच्या भिक्खूची कथा येते. विञ्ञाण, म्हणजे जाणीव, हेच एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाते, असा त्याचा समज झाला होता. भगवंतांनी त्याला बोलावून सर्वांसमक्ष समजावले की, कारणाशिवाय विञ्ञाण उत्पन्न होत नाही. डोळा व रूप यांच्यामुळे चक्षुविञ्ञाण, कान व शब्द यांच्यामुळे श्रोत्रविञ्ञाण. लाकडावर पेटलेल्या अग्नीला आपण लाकडाचा अग्नी म्हणतो, गवताच्या अग्नीला गवताचा, तसेच हे. विञ्ञाण ही वस्तू नाही, घडणारी क्रिया आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद कोसंबी यांनी पाली शिकवली. त्यांच्या परिश्रमांमुळे तथागतांचा असा मूळ उपदेश मराठी वाचकाच्या आवाक्यात आला, हे पुणेकरांनी विसरू नये.

बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच विचार आधुनिक विज्ञानाच्या भाषेत मांडला. चार महाभूतांच्या केवळ मिश्रणातून जाणीव तयार होते, असे त्यांनी म्हटले नाही. जेथे रूपकाया तेथे तिच्यासोबत जाणीव, असे बुद्धमत त्यांनी सांगितले आणि विद्युत क्षेत्राबरोबर चुंबकीय क्षेत्र नेहमी असते, हा दृष्टांत दिला.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रयोग तुम्ही शाळेत केलेला आहे. लोखंडी खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळा, सेल जोडा, टाचण्या चिकटतात. सेल काढा; बहुतेक टाचण्या गळून पडतात. आता सांगा, चुंबकत्व कोणत्या दिशेला गेले? पूर्वेला की पश्चिमेला? प्रश्नच चुकीचा आहे. ते कोठे गेले नाही. ज्या कारणांनी होते, ती कारणे संपली. मी मुलीला हेच सांगितले.

तथापि दृष्टांत म्हणजे पुरावा नव्हे, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. चुंबकत्व होकायंत्राने कोणालाही दाखवता येते. दाढदुखीची वेदना मात्र ज्याची त्यालाच कळते. मेंदूच्या हालचालींबरोबर हा अनुभव मुळात का यावा, याला डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये 'कठीण प्रश्न' म्हटले आणि तो अजून सुटलेला नाही. परंतु न सुटलेल्या प्रश्नाच्या फटीतून आत्म्याला घरात घेण्याचे कारण नाही. भूल दिली की जाणीव मावळते, मेंदूला इजा झाली की स्मृती जाते. देहाशी असलेले हे नाते रोजच्या अनुभवाचे आहे.

"मग आजीचं काहीच उरलं नाही?" मुलीचा शेवटचा प्रश्न. उरले आहे. स्वतः निरक्षर असूनही आईने आम्हां भावंडांना कंदिलासमोर पुस्तक घेऊन बसवले. ते कर्म तिच्याबरोबर सरणावर गेले नाही. ते माझ्यात आहे, आता मुलीत आहे. कावळ्याची वाट पाहण्यापेक्षा हे पुढे चालवणे हेच खरे पुण्यानुमोदन होय.

पुढच्या पिढीला प्रतिज्ञा पाठ आहेत. त्यांच्यामागचा विचार समजावून देणे हे आपले काम आहे. मुलांनी विचारले तर त्यांना गप्प करू नका. त्यांच्याबरोबर बसून वाचा.

भवतु सब्ब मंगलम्!