ठिबकची नळी आणि धमनीची भिंत

अँजिओग्राफीचा रिपोर्ट घेऊन केज तालुक्यातले एक शेतकरी भाचीकडे आले. भाची अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झालेली. मामांनी बसायच्या आधीच विचारलं, "ठिबकच्या नळीत क्षार बसले की आपण ॲसिड सोडतो. तसं काही रक्तात सोडता येत नाही का गं?"

"नाही ना, मामा. क्षार नळीला आतून चिकटतात. धमनीतली चरबी भिंतीत साठते, अस्तराच्या खाली. आणि हे अस्तर जिवंत असतं. या बिघाडात त्याचाही हात असतो."

अस्तर म्हणजे एका पेशीच्या जाडीचा थर. ते निरोगी असलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावरून न थांबता निघून जातात. पण वाईट कोलेस्टेरॉलचे कण खाली अडकून बिघडले, की अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर काही खास चिकट प्रथिनं काढतात. सिलेक्टिन पांढऱ्या पेशीला ओझरतं धरतं. तिचा वेग मोडतो आणि ती गडगडत पुढे सरकते. मग व्हीकॅम-१ आणि आयकॅम-१ तिला घट्ट पकडतात. पकडलेली पेशी फटीतून आत शिरते, चरबी खात सुटते आणि फुगून तिथेच राहते. कोलेस्टेरॉलच्या आकड्याला घाबरणाऱ्यांना हा मधला टप्पा सहसा कुणी सांगत नाही.

"हे कुणी बघितलंय का?"

"बोस्टनमध्ये मायरन सायबुल्स्की आणि मायकेल गिम्ब्रोन यांनी, १९९१ साली. सशांना कोलेस्टेरॉलचं खाद्य दिलं, तर जिथे चरबीचे डाग पडले तिथल्या अस्तरावर व्हीकॅम-१ सापडलं. पुढच्या प्रयोगांत तर ते आठवड्याभरातच दिसलं, पांढऱ्या पेशी आत साचायच्या आधी."

"मग सगळ्याच नसा का नाही बिघडत?"

"रक्त सरळ, एका लयीत वाहतं तिथे अस्तर शांत राहतं. फाटा फुटतो तिथे प्रवाह भोवरतो आणि ही प्रथिनं वर येतात. म्हणून मानेतल्या नि हृदयाच्या धमन्यांच्या फाट्यांवर गाठी जास्त."

मामा स्वतःच्या मनगटाकडे बघत म्हणाले, "पण मी तर काटकुळा!"

यावर पुण्याचं उत्तर आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. भाचीने पुढचा धागा जोडला: चरबीच्या पेशी टीएनएफसारखे दाहाचे संदेश सोडतात आणि त्याच संदेशांनी अस्तर चिकट होतं. विडीचा धूरही तेच करतो. मामांनी तो विषय वाढवला नाही.

"मग ती चिकटच काढून टाका की औषधाने."

"काही बाळं जन्मतःच तशी असतात. त्यांच्या पांढऱ्या पेशींवरचं सीडी१८ नावाचं प्रथिन सदोष असतं, पेशींना भिंत धरताच येत नाही. मुंबईत परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजीमध्ये या आजाराचं निदान होतं. नाळ उशिरा गळते, जखमेत पू होत नाही, जंतुसंसर्ग मात्र पाठ सोडत नाही. आजार तीव्र असेल तर अस्थिमज्जा बदलल्याशिवाय मूल जगणं अवघड."

म्हणून डॉक्टर चिकट समूळ काढायला जात नाहीत, तिचं कारण कमी करतात. स्टॅटिनने कोलेस्टेरॉल उतरतं आणि अस्तर निवतं. दुसरं औषध मामांच्या ओळखीचं निघालं: कोल्चिसिन, संधिवाताच्या एका प्रकारावरचं जुनं औषध. अगदी थोड्या मात्रेतही ते सिलेक्टिनची मांडणी विस्कटतं, पांढऱ्या पेशींची पकड सैल करतं. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या ५,५२२ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत, २०२० साली, रोज अर्धा मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना ३१ टक्क्यांनी कमी आढळल्या.

"आपल्या कळलावीच्या कंदात असतं ते," भाची म्हणाली.

"कुंपणावर चढते ती? खोदून आणू?"

"मुळीच नको! कंद खाऊन माणसं दगावतात. गोळीसुद्धा आधी मूत्रपिंड तपासून, चालू औषधं बघूनच द्यायची. क्रिएटिनिन कधी केलं होतं तुम्ही?"

मामा रिपोर्टची पानं उलटू लागले.