टीव्ही घेताना उजेड पारख

डोंबिवली (पूर्व)

चि. पिंटू,


घोडबंदर रोडच्या नव्या घरात टीव्ही घ्यायचा आहे, सूनबाईंच्या मनात ओएलईडी आहे आणि तू म्हणतोस, ‘मामा, मला लाल-हिरवं धड कळत नाही, मग एवढे पैसे कशाला? साधा कुठलाही चालेल.’ फोनवर मी फार बोललो नाही, कारण हे उभ्या उभ्या सांगून भागणारं नाही. साधा कुठलाही चालेल, हे मला मुळीच मान्य नाही. आपल्यासारख्या डोळ्यांच्या माणसाने टीव्ही चारचौघांपेक्षा जास्त पारखून घ्यावा.

माझे डोळे तुझ्यासारखेच आहेत हे तुला ठाऊक आहे. आजीकडून हे माझ्याकडे आलं आणि ताईच्या मार्फत तुझ्याकडे. ताईला स्वतःला सगळे रंग दिसतात. मी टीव्ही दुरुस्तीत जन्म काढला. रेझिस्टरवरचे तपकिरी, लाल, हिरवे पट्टे मला वेगळे ओळखता येत नसत, म्हणून प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजूनच लावायचो. पण चित्र चांगलं की वाईट, हे ओळखायला मला कधी दुसऱ्याचे डोळे लागले नाहीत. त्याचं कारण टीव्हीच्या रचनेतच आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते ब्लॅक अँड व्हाइट. १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी, रंग आले. तेव्हा घरोघरचे जुने संच मोडीत काढून चालणार नव्हतं. रंगीत प्रसारणाच्या पाल पद्धतीत त्याची सोय होतीच: उजेड-अंधाराचा संदेश पूर्वीसारखाच ठेवायचा आणि रंगाचा वेगळा संदेश त्याच्यावर चढवायचा. जुना संच रंग सोडून द्यायचा आणि चित्र पूर्ण दाखवायचा. ही रीत अजून चालू आहे. सेट-टॉप बॉक्समधून किंवा इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रात चार पिक्सेलना उजेडाचे चार वेगळे आकडे असतात, रंगाची माहिती मात्र चौघांत मिळून एकच. धडधाकट डोळ्यांनाही रंगातला बारकावा कमीच कळतो, म्हणून इंजिनिअरांनी केलेली ही काटकसर आहे. म्हणजे चेहऱ्यावरची सुरकुती, पैठणीच्या काठाची वीण, पावसाची सर, हा सगळा तपशील उजेडातून येतो. तो तुला पुरेपूर दिसतो. निळं-पिवळंही दिसतं. अडतं ते मुख्यतः लाल-हिरव्याच्या फरकाशी. तेव्हा तू पैसे मोजायचे आहेत ते उजेडासाठी.

त्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आपला प्रकार नीट समजून घे. ठिपक्यांच्या आकड्यांचं जे पुस्तक शाळेत दाखवतात ते जपानच्या इशिहारांचं, १९१७ चं. रंगांत अडचण आहे हे ते चटकन दाखवतं, पण अडचण किती आहे ते नीट सांगत नाही. माझा प्रकार प्रोटान निघाला होता आणि एकाच आजीकडून आलेला असल्यामुळे तुझाही तोच असणार. यात लाल रंग हिरव्यात मिसळतो एवढंच नव्हे, तो काळवंडतो. दुसरा प्रकार ड्यूटान. त्यात घोटाळा होतो, पण लाल काळा पडत नाही. टीव्ही घेताना हा फरक फार कामाचा आहे.

आता दुकानाचं सांगतो. ठाण्यात राम मारुती रोडवर जा नाहीतर मॉलमध्ये, भिंतभर टीव्ही लावलेले असतात आणि सगळ्यांवर पोपट, फुलं, फळं. हा डेमो मोड. रंग भडक करून ठेवलेले असतात आणि तू सेटिंग बदललंस तरी थोड्या वेळाने ते परत मूळपदावर येतं. म्हणून सेल्समनला आधी होम मोड लावायला सांग, मग चित्र ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’वर घे. तो तुला शंभर कोटी रंग सांगेल. आकडा खरा आहे: दहा बिटचा पॅनल १०७ कोटी छटा काढू शकतो, आठ बिटचा पावणेदोन कोटींच्या आतबाहेर. पण त्याचा फायदा वेगळाच आहे. संध्याकाळच्या आभाळात किंवा अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर छटा पट्ट्यापट्ट्यांनी तुटत नाहीत, सलग उतरतात. हे तुझ्याही डोळ्यांना दिसतं, तेव्हा दहा बिट घे.

पेन ड्राइव्हवर मी तुला कलर बारचं चित्र देतो. आम्ही मेकॅनिक लोक त्याच्यावरच संच लावत असू. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, लाल, निळा, काळा, असे उभे पट्टे. हा क्रम उजळाकडून गडदाकडे जाणारा आहे. सेटिंगमध्ये रंग शून्यावर आणलास की जिन्यासारख्या करड्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत, एकही दुसरीत मिसळता कामा नये. मग रंग परत चालू कर आणि फक्त लाल पट्ट्यावर नजर ठेव. रंग चालू झाला की तोच पट्टा आपल्याला जास्त काळा दिसतो. दोन टीव्ही शेजारी ठेवून ज्याच्यात तो कमी काळवंडतो, तो आपल्या डोळ्यांना सोयीचा. भडक मोडमध्ये लाल आणखी गडद होतो आणि इतरांना जे झगझगीत वाटतं तेच आपल्याला विझल्यासारखं दिसतं. लेझर टीव्हीचा लाल तर फारच खोल असतो, तो आपल्यासाठी नाही.

काळा किती काळा, हे दिवे मालवल्याशिवाय कळत नाही. दुकानात दिवे मालवत नाहीत, म्हणून पॅनल कुठला ते विचारून घे. एलईडीत आयपीएस पॅनलचा कॉन्ट्रास्ट साधारण हजारास एक, व्हीएचा तीन हजार किंवा त्याहून जास्त. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र विझतो, त्यामुळे काळा खराच काळा. सूनबाईंची निवड चुकीची नाही. फक्त तुझ्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. दुपारचं ऊन थेट पडद्यावर येणार असेल, तर जास्त उजेड देणारा मिनी-एलईडी बरा, लोकल डिमिंग असलेला, म्हणजे पडद्याचा हवा तेवढाच भाग मंद करणारा. खिडकीला जाड पडदे लावणार असलात तर खुशाल ओएलईडी घ्या.

क्रिकेटसाठी एक जास्तीची गोष्ट. हिरव्या मैदानावरचा लाल चेंडू आपल्याला रंगाने सापडत नाही, हलण्याने सापडतो. म्हणून वेगवान हालचालीत चित्र फिसकटणारा पॅनल नको, १२० हर्ट्झचा घे. २०१९ मध्ये ईडन गार्डन्सवर आपली पहिली गुलाबी चेंडूची कसोटी झाली, बांगलादेशविरुद्ध. अशा चेंडूचा त्रास नुसत्या प्रेक्षकालाच होतो असं समजू नकोस. ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर ख्रिस रॉजर्स आणि यष्टिरक्षक मॅथ्यू वेड, दोघेही रंगांधळे, दोघांनाही गुलाबी चेंडूने अडचणीत आणलं होतं, आणि दोघेही कसोटी खेळले.

रंग बदलून दाखवणारी सोय आता टीव्हीतच येते. सॅमसंगने २०२३ मध्ये सीकलर्स नावाचा मोड टीव्हीत आणला, त्यात नऊ ठरलेले पर्याय आहेत. ॲपल टीव्हीच्या डब्यातही कलर फिल्टर आहेत. याने नवा रंग दिसू लागत नाही. मिसळणारे दोन रंग एकमेकांपासून लांब सरकवले जातात, एवढंच. सामन्याला, निवडणूक निकालांच्या नकाशाला, शेअर बाजाराच्या लाल-हिरव्या आकड्यांना ते उपयोगी पडतं. सिनेमाला लावू नकोस, शेजारी बसलेल्या सूनबाईंना माणसांचे चेहरे विचित्र दिसतील. म्हणून ही सोय किती बटणांत चालू-बंद होते, ते दुकानातच करून बघ. पाच मेनू खाली दडलेली सोय कोणी वापरत नाही. लाल-हिरव्याचं अंतर्गत संतुलन मात्र स्वतः फिरवू नकोस. तुला बरं वाटेल तिथे घरातल्या बाकीच्यांचं चित्र बिघडलेलं असेल.

रिमोटवरची रंगीत बटणं बहुधा लाल, हिरवं, पिवळं, निळं याच क्रमाने असतात. काही रिमोटवर ए-बी-सी-डी छापलेलं असतं, तसा मिळाला तर उत्तम.

सिनेमा आपल्यासाठी नाहीच, असं तू बोललास ते मला लागलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली संकलनाच्या अभ्यासक्रमाला निवड झालेल्या एका तरुणाला रंगांधळा म्हणून प्रवेश नाकारला होता. मुंबई उच्च न्यायालयात त्याला यश आलं नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने समिती नेमली, आणि एप्रिल २०२२ मध्ये निकाल झाला: रंगांधळ्यांना तिथल्या सगळ्या अभ्यासक्रमांना प्रवेश द्या. रंग-दुरुस्तीचा भाग ऐच्छिक करता येतो, असं समितीचं मत होतं. सिनेमा कापायला आणि जोडायला जे डोळे चालतात, ते बघायला का नाही चालणार?

दुकानात सेल्समनला सरळ सांग की तू रंगांधळा आहेस. लाजायचं काही कारण नाही. ते कळल्यावरच तो तुला पोपट दाखवायचं थांबवेल. आणखी एक, टीव्हीशी संबंध नसलेलं. तुझ्या लेकीकडे, छकुलीकडे, तुझ्याकडून हा गुण आलेला आहे, तो येणारच. तिला स्वतःला बहुधा काही जाणवणार नाही, पण पुढे तिच्या मुलांपैकी कोणाला दिसू शकतो. ती कळती झाली की तूच तिला समजावून सांग, बाहेरून ऐकायला लागू नये.

शनिवारी दुपारी मी ठाण्याला येतो. आधी तुझ्या हॉलमध्ये तीन-चारच्या सुमारास ऊन कुठवर येतं ते बघू, मग दुकानात जाऊ. पेन ड्राइव्ह मी आणतो, तू एखाद्या कसोटीची चित्रफीत काढून ठेव, लाल चेंडूची. ताईला नमस्कार, सूनबाईंना आणि छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
मामा